वंशावळीतलं एक छोटं नाव कसं वाचायचं: आशेरची मुलगी सेरह

बायबलमधे नावांची यादी आली की बरेच जण पान उलटतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण सेरहसारखी माणसं तिथेच सापडतात. तर एकदा असं करून बघा.

आधी उत्पत्ति ४६:१७ उघडा. इस्राएली लोकांचा मूळपुरुष याकोब, त्याच्याबरोबर मिसरला (इजिप्तला) कोण कोण गेलं त्याची ही यादी. त्यात याकोबाचा मुलगा आशेर, त्याची चार मुलं, त्यांची बहीण सेरह आणि दोन नातू. पुढच्याच ओळीत जिल्पाच्या (गाद आणि आशेर यांच्या आईच्या) वंशातले एकूण १६ असं दिलंय, ते स्वतः मोजा. गाद आणि त्याचे सात मुलगे मिळून ८, मग आशेर, चार मुलगे, दोन नातू हे ७ झाले, म्हणजे सेरहला धरल्याशिवाय १६ होतच नाहीत. ती नुसती जाता जाता आलेली नाही, हिशोबात धरलेली आहे.

मग दुसऱ्या यादीशी ताडून बघा, खरी गंमत इथे आहे. बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात मवाबच्या मैदानात इस्राएली लोकांची शिरगणती चाललीय, तीही २० वर्षांवरच्या, लढाईला जाऊ शकणाऱ्या पुरुषांची. मधे मिसरमधली ४३० वर्षं आणि रानातली ४० वर्षं गेलीयत. आशेरच्या घराण्यात इश्वा हा भाऊ गायब आहे, पण ४६व्या ओळीत सेरह आहेच! त्याच यादीत सलाफहाद नावाच्या माणसाच्या मुलींची नावं का आली ते कळतं, पुढच्याच अध्यायात त्यांचा वारसाहक्काचा प्रश्न येतो. सेरहच्या नावाला असं काहीच कारण दिलेलं नाही. कारण नसलेलं नाव दिसलं की तिथे थांबायचं, घाईच करायची नाही. (१ इतिहास ७:३० मधे ती परत भेटते, तिथे इश्वाही आहे.)

यहुदी रब्बी (धर्मगुरू) इथेच थांबले. दोन्ही याद्यांत नाव आहे म्हणजे ती तोवर जिवंत असणार, असं त्यांनी धरलं. याकोबाचा मुलगा योसेफ याने मरताना माझी हाडं इथून घेऊन जा अशी शपथ घातली होती आणि लोकांना मिसरमधून बाहेर काढताना मोशेने ती नेली, पण ती नेमकी कुठे होती हे मोशेला कळलं कसं? तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, सोटा या भागाच्या पान १३अ ला याचं उत्तर आहे, त्या पिढीतली एकटी उरलेली सेरह त्याला सांगते की मिसरी लोकांनी धातूची पेटी करून नाईल नदीत ठेवलीय. मला ही कथा फार आवडते, एवढ्या लोकांत जुनी आठवण एका म्हातारीकडेच राहिली होती.

पण वहीत दोन रकाने करा, एकात मूळ वचनं आणि दुसऱ्यात नंतरची परंपरा. नाईलची गोष्ट दुसऱ्या रकान्यात, इराणात इस्फहानजवळ पीर बकरानला तिच्या नावाचं यहुदी तीर्थस्थान आहे तेही तिथेच. आणि शोधताना अब्राहामाची सारा किंवा यहूदाचा मुलगा जेरह यांच्यात गल्लत करू नका.

हे जमलं की उत्पत्ति ४:२२ मधली तुबल-काइनची बहीण नामा घ्या, तिचंही नाव का दिलंय ते कुठेच सांगितलेलं नाही.