सोल्डरिंगसाठी घरचा तिसरा हात

माझ्याकडे जुने ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्तीला येतात. त्यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे फेराइट रॉडवरच्या (रेडिओतल्या अँटेनाच्या काळ्या दांड्यावरच्या) कॉइलची तुटलेली तार जोडणं. ती दिसते एकच तार, पण आत केसासारख्या अनेक बारीक तारा असतात, प्रत्येकीवर वेगळा एनॅमल. एका हातात सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्यात शिसं, म्हणजे सोल्डरची तार. मग तार धरणार कोण? पूर्वी मी मुलीला धरायला लावायचे. शिसं गोठायच्या आत तिचा हात जरासा हलायचा, डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, मळकट आणि खडबडीत दिसायचा, आणि चारच दिवसांत रेडिओ पुन्हा दारात.

म्हणून हा तिसरा हात केला. त्याचं काम एकच: गोठेपर्यंत काहीही हलू न देणं.

हातांसाठी अर्थिंगची 10 गेजची उघडी तांब्याची तार घ्या. ती साधारण सव्वातीन मिलिमीटर जाड असते, हाताने वळते आणि वळवलेली तशीच राहते. 20 सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरतात. जास्त लांब घेतले तर टोक डुलतं. वायरिंगची बारीक तारांची जुडी असलेली वायर इथे उपयोगाची नाही.

बुडासाठी सुताराकडून सागवानाचा जाड तुकडा आणा, खाली अ‍ॅराल्डाइटने कडप्प्याचा तुकडा चिकटवा. वजनात कंजुषी करू नका, हलकं बूड आयर्नच्या वायरीच्या ओढीनेसुद्धा सरकतं. लाकडात 3 मिलिमीटरची दोन भोकं पाडा आणि तार हलक्या हातोडीने ठोकून बसवा. इथे चिकटवायचं नाही.

दुसऱ्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप, म्हणजे दातेरी चिमटा. माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. 25 वॉटच्या आयर्नने क्लिप तारेला सोल्डर करायला गेले. जाड तांबं सगळी उष्णता ओढून घेतं, शिसं नुसतं गोळा होऊन बसतं. तारेचं टोक हातोडीने चपटं करा, पॉलिश पेपरने घासा, क्लिपच्या शेपटीत घालून पकडीने दाबा, वर अ‍ॅराल्डाइट लावून रात्रभर ठेवा.

एका क्लिपच्या दोन्ही जबड्यांवर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. उघडे दात त्या बारीक तारा तोडतात, आणि कॉइलमधली थोडीशी तार तुटली तरी लांबची स्टेशनं क्षीण होतात. दुसरी क्लिप मुद्दाम उघडी ठेवा. एसी 128 सारखे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेने लवकर जातात. ट्रान्झिस्टरचं अंग आणि डागाची जागा यांच्या मध्ये पायाला ही क्लिप लावली की उष्णता तिच्यात उतरते.

सोल्डर शक्यतो 63/37 चं घ्या, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के खरं शिसं. ते 183 अंशांना वितळतं आणि तिथेच गोठतं. 60/40 मध्ये काही क्षण धड पातळ नाही धड घट्ट अशी अवस्था असते, हलण्याचा धोका तेव्हाच. डाग दिल्यावर फुंकर मारू नका. खिडकी उघडी ठेवा, काम संपल्यावर साबणाने हात धुवा.

पुन्हा पुन्हा वळवून तांबं कडक होतं आणि एक दिवस वाकाच्या जागी तडकतं. तेव्हा तार लाकडातून उपटायची, क्लिप लावलेली नवी ठोकायची. चिकटवू नका म्हटलं ते यासाठीच.