मांजात अडकलेला शिक्रा सापडल्यास काय करावे

बडोद्यात १४ आणि १५ जानेवारीचे पतंग उतरले, तरी कडुनिंबाच्या फांद्यांत आणि विजेच्या तारांत अडकलेला मांजा पुढे कित्येक आठवडे लोंबत राहतो. सरडे आणि लहान पक्षी टिपण्यासाठी झाडांमधून वेगाने उडणाऱ्या शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याला तो दिसत नाही. काच लावलेला दोरा खांद्यापासून पंखाच्या सांध्यापर्यंत ताणलेली पातळ त्वचा कापतो, आणि तेवढ्याने पक्ष्याचे उडणे थांबते.

कमाटीबागेत किंवा आपल्या सोसायटीत नेमाने पक्षी पाहणाऱ्यांना असा पक्षी बहुधा सर्वांत आधी दिसतो. शिक्रा साधारण कबुतराएवढा असतो. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, आणि प्रौढ नराचे डोळे लाल असतात. तो दिसताच पक्षीमित्रांच्या गटाला कळवावे, मात्र ‘अकोट्यात पक्षी अडकला आहे’ असे नुसते शहरातल्या भागाचे नाव पुरत नाही. कोणत्या इमारतीमागे, कोणत्या झाडावर, अंदाजे किती फुटांवर, कोणत्या पंखात दोरा आहे आणि किती वाजता पाहिले, हे सारे एकाच संदेशात लिहावे. त्याच वेळी गुजरात सरकारच्या, प्राणी-पक्ष्यांसाठीच्या करुणा ॲम्ब्युलन्सच्या १९६२ या क्रमांकावर फोन करावा. १० ते २० जानेवारी या काळात मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी सरकारच्या करुणा अभियानाची उपचार केंद्रेही चालतात. पक्षी तारेवर असेल तर काठीने ओढण्याचा मोह कटाक्षाने टाळून वीज कंपनीला कळवावे.

पक्षी जमिनीवर आणि हाताशी असेल, तर पुढची पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची. लोकांना दूर करावे. जाड हातमोजे घालून, मागच्या बाजूने जाऊन, टॉवेल त्याच्या डोक्यासह अंगावर टाकावा. अंधार झाला की तो बराच शांत होतो. पंख अंगाशी मिटवून आणि पाय घट्ट धरून उचलावे, कारण खरी इजा चोचीपेक्षा नख्यांनी होते. जखमेत रुतलेला दोरा कधीही ओढू नये. दोन्ही बाजूंना चार-चार बोटे दोरा ठेवून बाकीचा कात्रीने कापावा आणि रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने हलकेच दाबून धरावे. आपल्याकडे जखम दिसली की हळद आठवते, पण येथे हळद, तेल, मलम काहीही लावू नये: तेलाने पिसे चिकटतात आणि हळदीने माखलेली जखम डॉक्टरांना आधी धुवावी लागते.

नंतर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने कापड अंथरून त्यात पक्ष्याला ठेवावे. तारेच्या पिंजऱ्यात पिसे मोडतात. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. खाऊ घालणेही नको. शुश्रूषेसाठी घरी ठेवून घेणे तर मुळीच नको, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय तो बाळगणे गुन्हा आहे.

पक्षी सोपवताना तो सापडल्याची नेमकी जागा लिहून द्यावी. बरा झाल्यावर त्याला शक्यतो त्याच परिसरात सोडता येते. गटालाही तो सोपवल्याचे कळवावे, म्हणजे शोधायला निघालेले लोक परततील. घरट्याची जागा मात्र कोणत्याही गटात टाकू नये. छायाचित्रांसाठी गर्दी झाली की शिक्र्याची जोडी घरटे सोडून जाऊ शकते. शेवटी त्याच झाडाखालचा उरलेला मांजा गोळा करावा आणि गुंता तसाच कचऱ्यात न टाकता कात्रीने बोटभर तुकडे करून मग टाकावा.