घरात कॅन्सरचं पेशंट असलं की सांभाळणाऱ्या बाईला आणि वयात आलेल्या पोरीला कसं जपायचं

आपल्याकडे जळगाव-धुळ्याकडे घरात कॅन्सर निघाला की सगळ्यांचं लक्ष पेशंटकडे, ते बरोबरच आहे, पण पेशंटचं सगळं करणारी जी एक बाई असते, बायको नाहीतर सून, तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि ती थकली की तिचं काम गुपचूप मोठ्या पोरीवर येऊन पडतं. मग पोरीची शाळा सुटते आणि पाठोपाठ स्थळं यायला लागतात. अमळनेरच्या बाजूला हे जवळून बघितलंय म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे "काही लागलं तर सांगा" म्हणून निघून जाऊ नका. ती सांगणार नाही. थेट काम उचला, मंगळवारचा डबा आमच्याकडून, पुढच्या केमोला सोबत मी येते, गुरांचं चारापाणी धाकटा बघेल, असं. भावाभावांनी एकदा बसून कोण कधी मुंबईला जाणार ते कागदावर लिहूनच काढा. आणि नणंदांनी नुसतं भेटून जाऊ नये, चार दिवस राहावं आणि वहिनीला झोपू द्यावं. माझ्या ओळखीतली एक सून सासऱ्यांच्या केमोनंतर रात्रभर उशाशी बादली घेऊन बसायची, सकाळी ओट्याशी उभ्याउभ्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडायची, तेवढ्यात कोणी भेटायला आलं की तुकडा तसाच ठेवून चहाचं आधण. मला तर वाटतं आजारापेक्षा तिला या आल्यागेल्यानंच जास्त दमवलं. म्हणून भेटायला गेलात तर दहा मिनिटं, चहा नको, आणि सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, साधं इन्फेक्शनही महागात पडतं. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, कॅन्सर शिवल्यानं होत नाही. आणि सुनेच्या पायगुणाचं कोणी काढलं तर घरातल्या पुरुषानं तिथल्या तिथे गप्प करावं.

कागदपत्रांना एक शिकलेलं पोरगं लावून द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो त्याला आधी भेटा. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत, फॉर्म हॉस्पिटलातून मिळतो. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणार असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची चौकशी करा. आणि ती बाई सारखी रडत असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ ला फोन लावून द्या, टेली-मानसची सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आता पोरीचं. आजार आईलाच असेल आणि "आई डोळ्यासमोर आहे तोवर हिचे हात पिवळे करून टाका" हे वाक्य आलं की सावध व्हा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास तर घाई फारच होते. बोलणारे वाईट नसतात, त्यांना पोरीची काळजीच असते, पण सोळा-सतराव्या वर्षी लग्न म्हणजे वर्षभरात पाळणा, आणि त्या वयात अंगात रक्त कमी, बीपी वाढायची भीती, बाळ कमी वजनाचं. आई बरी व्हायची तेव्हा होईल, पोरीचं मात्र आयुष्यभराचं होऊन बसतं. १८ च्या आत लग्न हा गुन्हा आहे हे मामा-काकांना नीट सांगा, ऐकलं नाही तर ग्रामसेवकाकडे जा नाहीतर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा. घरकाम वाटून घ्या, भावालाही भाकरी नाही तर भात तरी लावता येतो, आणि शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती सांगा.

आणि दिवस गेलेच असतील तर लपवू नका, मारझोड नको, गावठी औषध तर अजिबात नको. आशाताईला सांगून लगेच सरकारी दवाखान्यात न्या. अल्पवयीन असेल तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, त्या भीतीनं लोक उशीर करतात आणि तिथेच पोरीचा जीव धोक्यात येतो. अल्पवयीन पोरीचा २४ आठवड्यांपर्यंत कायद्यानं सुरक्षित गर्भपात करता येतो, त्याला पालकांची संमती लागते. बाळ ठेवायचं ठरलं तर नाव नोंदवा, गोळ्या, तपासण्या, सगळं वेळेवर, नंदुरबारकडच्या असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही. बाळंतपणानंतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते, तो भरायला तिच्यासोबत बापानं जावं.