सोनोग्राफीत अंडाशयावर (ओव्हरीवर) सिस्ट, म्हणजे गाठ, निघाली तर रिपोर्ट कसा वाचायचा, पुढे काय करायचं

माझ्या मावसबहिणीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, राइट ओव्हरी, सिंपल सिस्ट, ३८ बाय ३५ एमएम. ते ३८ बघूनच घरात सगळे हबकले, मावशी तर रडायलाच लागली. अहो, ३८ एमएम म्हणजे चार सेंटीमीटरसुद्धा नाही, लहानसं लिंबू म्हणा. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी आकडा एमएममध्ये आहे की सेंटीमीटरमध्ये ते बघा.

मग आठवा, सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली होती. दर महिन्याला अंडाशयात एक फॉलिकल, म्हणजे बीज असलेली पाण्याची पुटकुळी, वाढतंच, फुटायच्या आधी दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत जातं आणि त्यातून बीज बाहेर पडतं, पण कधी ते फुटतच नाही, पाणी भरत राहतं, आणि त्याचीच सिस्ट होते. अशी पाण्याची गाठ बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपली आपण जिरते, तिला गोळ्या लागत नाहीत. बहिणीला डॉक्टरांनी सांगितलं, दोन पाळ्या जाऊ दे, मग पाळी संपल्या संपल्या परत सोनोग्राफी कर. तेव्हा गाठ नव्हतीच.

आता गाठीचं वर्णन, सगळ्यात महत्त्वाचं हेच. सिंपल किंवा अ‍ॅनेकोइक लिहिलंय म्हणजे आत नुसतं पाणी. हेमरेजिक म्हणजे आत रक्त साकळलंय, तीही बहुतेकदा विरघळते. एंडोमेट्रिओमा, म्हणजे चॉकलेट सिस्ट, त्यात जुनं काळपट रक्त असतं, ती सहसा आपोआप जात नाही, आणि पाळीत उठता-बसता येऊ नये इतकं दुखत असेल, दिवस राहायला वेळ लागत असेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण बायका ते दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात आणि घरचे म्हणतात सगळ्यांनाच दुखतं. डर्मॉइडमध्ये केस, चरबी, कधी दातही निघतो, ऐकायला भयंकर वाटतं पण ती बहुतेकदा कॅन्सरची नसते, फक्त जिरत नाही. सॉलिड भाग, जाड पडदे, आत रक्तपुरवठा असं काही लिहिलं असेल, किंवा पाळी गेलेल्या बाईला गाठ निघाली असेल, तर मात्र वाट बघत बसायचं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखवायचं.

पीसीओडी ही वेगळी गोष्ट, त्यात काही मिलिमीटरची बारीक बारीक फॉलिकल्स खूप असतात आणि मूळ गडबड हार्मोन्सची असते.

सीए १२५ ही रक्ताची तपासणी वाढलेली आली म्हणून लगेच कॅन्सर धरून चालू नका. एंडोमेट्रिओसिस (ज्या आजारात ती चॉकलेट सिस्ट होते तो), फायब्रॉइड म्हणजे गर्भपिशवीची साधी गाठ, पोटाचा टीबी, इतकंच काय पाळी चालू असतानाही ती वाढते.

आणि एक कळकळीने सांगते. साध्या गाठीसाठी कुणी "पिशवीच काढून टाका" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. गाठ अंडाशयावर आहे, गर्भपिशवीवर नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, त्यात कितीतरी जणी अगदी तरुण होत्या, ते वाचून मला झोप लागली नव्हती.

वाट बघायच्या काळात एक लक्षात ठेवा, विशेषतः गाठ पाच सेंटीमीटरच्या वर असेल तर. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ आली, सोबत उलट्या होतायत, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि वेळेत सोडवला तरच ते वाचतं. चक्कर येत असेल, अंग गार पडत असेल तर गाठ फुटून आत रक्तस्राव होत असू शकतो. अशा वेळी ओवा नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, सकाळची वाट नाही, रात्री दोन वाजता असलं तरी सोनोग्राफी आणि ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या, आणि जाताना काही खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.