टपरी ते मंत्रालय: संस्थेत कॅन्सर प्रतिबंधाचा पॉलिसी रिसर्च कसा सांभाळायचा

आमच्या लाइनमध्ये नवीन आलेली मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात की डॉक्टर संशोधन करतात, सरकार धोरण करतं, मग मध्ये आपल्यासारख्या ट्रस्टच्या माणसाने नक्की करायचं काय. थोडक्यात सांगायचं तर आपलं काम म्हणजे एखादी गोष्ट ज्याच्या सहीने बदलू शकते त्या माणसाला, त्याची फाइल टेबलावर असतानाच, त्याला समजेल अशा भाषेत पुरावा पोचवणं. मी बहुतेक वर्षं तंबाखूवर काम केलंय म्हणून उदाहरणं तिथलीच देतो, पण एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) असो की तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, पद्धत तीच.

सुरुवात प्रश्नापासून. "तंबाखूचे दुष्परिणाम" हा रिसर्चचा प्रश्नच नाही, तो शाळेतल्या निबंधाचा विषय झाला. तंबाखूने कॅन्सर होतो हे मंत्रालयात कुणालाही सिद्ध करून दाखवायची गरज उरलेली नाही. प्रश्न असा पाहिजे की उत्तर आलं की कोणीतरी काहीतरी करू शकेल. म्हणजे "आपल्या तालुक्यात शाळेपासून 100 यार्डाच्या आत किती टपऱ्या तंबाखू विकतात, आणि मागच्या वर्षभरात किती दंडाच्या पावत्या फाडल्या गेल्या" (एवढ्या अंतरात तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे). याचं उत्तर घेऊन तुम्ही गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊ शकता, पोलीस स्टेशनला जाऊ शकता, नगरपरिषदेत जाऊ शकता. मी टीमला सांगतो, प्रश्नाच्या खाली एक ओळ लिहा: सही कोणाची? ती ओळ रिकामी राहिली तर प्रश्न परत पाठवायचा.

चांगल्या प्रश्नाचा नमुना बघायचा असेल तर टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये केलेली ट्रायल बघा. साधारण दीड लाख बायका, 1998 ला सुरुवात, 2014 ला निकाल छापून आला. प्रश्न असा होता की दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला चार आठवडे ट्रेनिंग देऊन तिने व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली तर त्या कॅन्सरचे मृत्यू कमी होतात का. झाले, 31 टक्क्यांनी. आता हा प्रश्नच असा मांडलाय की उत्तरातच धोरण आलं: कोण करणार, किती ट्रेनिंग, काय साहित्य, सगळं आत आहे. (ज्या गटाला तपासणी दिली नाही त्यावरून या ट्रायलवर नंतर बरीच टीका झाली, तीही वाचा, एथिक्स कमिटीसमोर, म्हणजे संशोधनात लोकांचं नुकसान होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीसमोर, बसायच्या आधी कामाला येते.)

मग आकडे. स्वतःचा सर्व्हे काढायच्या आधी आहे ते वापरा. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे 26.6 टक्के निघाले, त्याआधीच्या फेरीत 31.4 होते. पण आत बघा, धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के आणि धूरविरहित, म्हणजे खायचा-लावायचा तंबाखू घेणारे 24.4 (काही जण दोन्ही घेतात). म्हणजे आपल्याकडे जो कोणी सिगरेट विझवल्याचं पोस्टर छापून जिल्हाभर लावतो तो मुळात चुकीच्या माणसाशी बोलतोय. असा एक आकडा हातात असला की निम्मी मीटिंग जिंकलीच म्हणून समजा.

स्वतःचा सर्व्हे करायचाच असेल तर शब्दांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, खरंच सांगतो. आम्ही एकदा फॉर्ममध्ये विचारलं, "तुम्ही तंबाखू खाता का?" गावातल्या बायका सरळ नाही म्हणाल्या, आमची फिल्डवर्कर खूश, टिक टिक टिक करत पुढे. तिसऱ्या दिवशी एका घरी ती चहाला थांबली तर तिला सगळं "नाही, नाही" सांगणारी मावशी चुलीपाशी बसून डबीतली काळी पूड बोटावर घेऊन दातांना लावतेय. मिश्री! भाजलेला तंबाखूच तो. पण मिश्री कोणी "खात" नाही, मिश्री "लावतात", आणि तिच्या हिशोबाने ती दात घासत होती, खोटं बोललीच नव्हती. तीन दिवसांचे फॉर्म बाद. तेव्हापासून आमच्या फॉर्ममध्ये एकेक नाव वेगळं विचारतो: मिश्री लावता का, मावा खाता का, खर्रा खाता का (विदर्भात हे विसरलात तर सर्व्हे करूच नका), तंबाखू-चुना मळता का, सुपारी नुसती खाता का. शेवटचं पण महत्त्वाचं, कारण सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, त्यात तंबाखू असायलाच पाहिजे असं नाही.

दुसरी चूक मोजमापाची. 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर, हे सगळ्यांना माहीत, पण मोजायचं कुठून? आमच्या मुलांनी शाळेच्या गेटपासून रस्त्याने टेप धरत मोजलं. नियमात लिहिलंय की कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चहूबाजूंनी सरळ रेषेत. शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली टपरी गेटपासून रस्त्याने दीडशे मीटरवर निघाली म्हणून आमच्या यादीत नव्हतीच, आणि नेमकं तेच एका साहेबांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. त्या दिवशी आमचा बाकीचा बरोबर डेटा पण कोणी ऐकून घेतला नाही. म्हणून फिल्डला निघायच्या आधी कायदा नुसता नाही, त्याखालचे नियम पण प्रिंट काढून वाचायचे.

टपरीवाल्याबद्दल एक. तो आपला आरोपी नाही. त्याचं नाव, फोटो, नेमकं ठिकाण रिपोर्टमध्ये जाऊ देऊ नका, गल्लीनुसार संख्या पुरते. पोटावर पाय येईल अशा माहितीसाठी संमती कशी घ्यायची हे आधी एथिक्स कमिटीकडून लिहून घ्या. स्वतःची कमिटी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजशी बोला, आणि त्यासाठी दोन-तीन महिने धरूनच चाला. 18 च्या खालच्या मुलांना काही विचारणार असाल तर पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही.

आता कॅलेंडर, जे लोक सगळ्यात हलक्यात घेतात. महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै 2012 मध्ये आली. ती अन्न सुरक्षा कायद्याखाली आहे, अन्नात तंबाखू आणि निकोटीन चालत नाही या 2011 च्या नियमाच्या आधारावर, आणि तो आदेश एका वेळी एक वर्षाचा. म्हणजे दरवर्षी कोणीतरी तो परत काढतं. तुमचा रिपोर्ट ऑगस्टमध्ये तयार झाला तर तो पुढच्या वर्षीसाठी झाला, एवढं साधं आहे. आम्ही एप्रिलपर्यंत फिल्ड संपवतो, मेमध्ये टिपण देतो. तसंच अधिवेशनं: मार्चच्या आसपास बजेट, मग पावसाळी, मग डिसेंबरात नागपूर. आमदाराला तारांकित प्रश्न टाकायचा असेल तर त्याला माहिती अधिवेशनाच्या बऱ्याच आधी लागते, आदल्या रात्री व्हॉट्सअॅप करून उपयोग नाही.

दंड, तपासण्या, जप्तीचे आकडे माहिती अधिकारातून मिळतात. 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवायचा असतो, त्यामुळे "संपूर्ण माहिती मिळावी" छाप अर्ज करू नका, तो परत येतो. दर जिल्ह्याला वेगळा अर्ज, सगळ्यांची तारीख एका एक्सेलमध्ये, एकतिसाव्या दिवशी पहिलं अपील. कंटाळवाणं काम आहे, म्हणून टीममधल्या सगळ्यात चिकट माणसाला द्या.

पैशाचं दोनच गोष्टी सांगतो. परदेशी निधी असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे "गडचिरोलीतली आमची पार्टनर संस्था सर्व्हे करेल" असं प्रपोजलमध्ये लिहून मोकळं व्हायचे दिवस गेले, सीएला बजेट बनवतानाच शेजारी बसवा, नंतर नाही. दुसरं, देणगीदाराचा धंदा तपासा. तंबाखू किंवा पानमसाल्याशी लांबचं नातं असलेला पैसा एकदा आला की तुमच्या पुढच्या प्रत्येक रिपोर्टवर तोच प्रश्न, आणि खरं सांगायचं तर प्रश्न बरोबरच असतो.

लिखाण. दीडशे पानांचा रिपोर्ट करा, रेकॉर्डसाठी लागतो, पण तो कोणी वाचणार नाही हे मान्य करून. खरं वाचलं जातं ते दोन पानी मराठी टिपण. आणि ते मंत्र्यासाठी लिहू नका, कक्ष अधिकाऱ्यासाठी लिहा, कारण फाइलवरची टिप्पणी तोच लिहितो आणि तुमचं वाक्य सरळ असेल तर तो ते तसंच उचलतो (यापेक्षा मोठं कौतुक या धंद्यात नाही). पहिल्या पॅरात काय हवंय ते, मग जिल्ह्याचा आकडा, मग कायद्याचं कलम, मग खर्च किती. "जनजागृती व्हावी" हे वाक्य दिसलं की मी लाल पेन काढतो.

सोबत वस्तू न्या. गुटखाबंदीनंतर बाजारात काय झालं हे शब्दांत सांगत बसण्यापेक्षा आम्ही टपरीवरून आणलेल्या दोन पुड्या टेबलावर ठेवल्या, एक पानमसाल्याची, एक तंबाखूची, वेगवेगळ्या, म्हणून कागदोपत्री गुटखा नाही. दोन्ही तळहातावर एकत्र ओतल्या, झाला गुटखा. साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला आणि पहिल्यांदा आमच्याकडे बघून विचारलं, "किती टपऱ्यांवर मिळतात या?" आकडा तयार होता, तेवढ्यासाठीच गेलो होतो.

आणि प्रपोजलमध्ये दुसऱ्या फेरीचे पैसे धराच. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यात सुट्या सिगरेट-विडीच्या विक्रीवर बंदी आली. आज कुठल्याही नाक्यावर जाऊन एक सिगरेट मागा, मिळते, शेजारी दोरीला लायटर पण लटकवलेला असतो. आदेश निघाल्यावर वर्षभराने त्याच टपऱ्यांवर परत जाऊन मोजलं नसेल तर बंदीचा उपयोग झाला की नाही हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगणार? बजेट कापायची वेळ आली की डोनर सगळ्यात आधी हीच ओळ कापतो. हवं तर उद्घाटनाचा हॉल आणि जेवण कापायला द्या, ही ओळ देऊ नका.