अनवट लिंबूवर्गीय जातींची डोळकाडी: कुठून घ्यायची, कशी निवडायची, कशी टिकवायची

युझू, फिंगर लाइम, मकरूट, बर्गमॉट, बोटं फुटल्यासारखं दिसणारं महाळुंग. या जातींचं तयार कलम सहज मिळत नाही आणि बी लावून भागत नाही. बियांच्या रोपाला फळ धरायला पाच-दहा वर्षं लागू शकतात, काटे भरपूर येतात, आणि महाळुंग-पपनसाचं बी मूळ झाडासारखं उतरत नाही. म्हणून डोळा भरायचा: हव्या त्या जातीच्या काडीवरची पानाच्या बगलेतली कळी, म्हणजे डोळा, दुसऱ्या रोपाच्या खोडात बसवायची. त्या रोपाला खुंट म्हणतात, आणि डोळे देणाऱ्या काडीला डोळकाडी. हात बसला की डोळा भरणं जमतं. खरी अडचण असते ती चांगली काडी मिळवण्याची.

लिंबूवर्गीय झाडांच्या तीन रोगांची कारणं, ग्रीनिंगचा जिवाणू, ट्रिस्टेझाचा विषाणू, एक्झोकॉर्टिसचा व्हायरॉइड (विषाणूहूनही साधा संसर्गजन्य कण), हे सगळे डोळ्याबरोबर नव्या झाडात जातात. मूळ झाड हिरवंगार आहे, फळांनी लगडलंय, एवढ्यावर विसंबू नका. ट्रिस्टेझा असलेलं संत्र्याचं झाड त्रिपर्णी (तीन पर्णिकांच्या पानाची लिंबूवर्गीय जात) खुंटावर वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतं; तोच डोळा आंबट नारिंगाच्या खुंटावर भरला तर कलम वाळून जातं. एक्झोकॉर्टिसचं नेमकं उलट. आंबट नारिंगावर तो गप्प बसतो, त्रिपर्णी खुंटावर मात्र सालीच्या खपल्या निघतात आणि झाड खुरटतं. ग्रीनिंगची लक्षणं दिसायला तर कित्येक महिने, कधी वर्षंही जातात. एखाद्या पानाची प्रयोगशाळेतली तपासणी निर्दोष आली तरी झाड सुटलं असं होत नाही, कारण हा जिवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो.

त्यामुळे पहिली पसंती प्रमाणित डोळकाडीलाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथला सिट्रस क्लोनल प्रोटेक्शन प्रोग्रॅम हे याचं नावाजलेलं उदाहरण. बाहेरून आलेली जात तिथे आधी रोगमुक्त करतात: कोंबाचं जेमतेम 0.1 ते 0.2 मिलिमीटरचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली काढून कोवळ्या रोपावर बसवतात, मग चाचण्या लावतात आणि त्यानंतरच काड्या देतात. हे घरी होण्यासारखं काम नाही. तुमच्या भागात अशी योजना कुठली, ते कृषी खात्याकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे विचारा.

हवी ती जात तिथे नसेल तर प्रमाणित रोपवाटिकेतून त्या जातीचं एक कलम विकत घ्या आणि त्यालाच मातृवृक्ष करा. काडी महाग वाटते, कलम आणखी महाग वाटतं, पण एका कलमावरून पुढे हव्या तितक्या काड्या निघतात. मात्र काडी जोडाच्या, म्हणजे कलम खुंटाला जुळलंय त्या जागेच्या, वरच्या फांदीचीच हवी. जोडाखालून फुटलेला धुमारा खुंटाचा असतो. तीन पर्णिकांचं पान दिसलं तर तो बहुधा त्रिपर्णी किंवा त्याच्या संकराचा खुंट, हे लगेच ओळखता येतं. इतर खुंटांची पानं फसवतात.

ओळखीच्या माणसाच्या बागेतली काडी हा शेवटचा पर्याय. घेण्याआधी विचारा: मूळ झाड कुठून आणलं, कुठल्या खुंटावर आहे, त्यावर नंतर आणखी कुठले डोळे भरले का, आसपास सिट्रस सिला (ग्रीनिंग पसरवणारी बारीक कीड) दिसते का. ‘माहीत नाही’ हे उत्तर दोनदा आलं तर काडी घेऊ नका. क्वारंटाइन भागातून (रोगामुळे ने-आण बंद केलेल्या) लिंबूवर्गीय काडी बाहेर नेणं बेकायदा असतं, एक काडीसुद्धा. परदेशातून आणायची तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही लागतात. इंटरनेटवर अनोळखी विक्रेत्याकडून पाकिटातून येणाऱ्या काड्या तर नकोच.

काडी मागवण्याआधी खुंट तयार हवा: पेन्सिलीएवढा जाड, वाढीला लागलेला, टोकदार चाकूने उचलली की साल अलगद सुटणारा. काडी हातात आणि खुंटाची साल चिकटलेली, ही नेहमीची फजिती. तसं झालंच तर टी काप (सालीला T आकाराची चीर देऊन आत डोळा सरकवणं) सोडून चिप पद्धतीने, म्हणजे खुंटाचा लाकडासकट छोटा काप काढून तिथे तेवढाच डोळ्याचा काप, असा डोळा बसवा. तिला साल सुटावी लागत नाही.

काडी निवडताना अगदी शेंड्याची कोवळी फूट सोडा, ती तिकोनी आणि लवचीक असते. तिच्या मागची, गोल झालेली, पाच ते आठ मिलिमीटर जाडीची फांदी घ्या. साल हिरवी, तिच्यावर बारीक पांढुरक्या रेघा नुकत्या उमटू लागलेल्या. डोळे टपोरे, पण न फुटलेले. सरळसोट वाढलेले काटेरी धुमारे टाळा. पांढऱ्या-हिरव्या पानांच्या जातीत ज्या पानावर रंग नीट उतरलाय त्याच्याच बगलेतला डोळा घ्या, नाहीतर पुढे नुसती हिरवी फूट येते.

सकाळी, झाडात पाणी भरलेलं असताना कापा. पानं लगेच छाटा, पण देठाचा अर्धा सेंटिमीटर तुकडा ठेवा. डोळा धरायला तो मूठ म्हणून कामी येतो आणि पुढे निदानालाही. काटे कात्रीने काढा. काडी साबणाच्या पाण्याने पुसली की खवले कीड, कोळी, अंडी निघतात. आतला रोग जात नाही. कात्री-चाकू प्रत्येक झाडानंतर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा ताज्या द्रावणात बुडवा. स्पिरिट किंवा ज्योतीवर व्हायरॉइडसाठी भरवसा ठेवता येत नाही. ब्लीचने पातं गंजतं, म्हणून शेवटी धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवा.

काड्या पुसून कोरड्या करा, किंचित दमट कागदात गुंडाळा आणि हवा काढलेल्या झिप पिशवीत घाला. कागद पिळल्यावर थेंब पडला तर तो जास्त ओला. काड्या सुकून कमी, बुरशीने जास्त मरतात. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि पिकणाऱ्या फळांपासून लांब. नीट ठेवली तर काडी महिना-दोन महिने टिकते, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भरलेले डोळे जास्त खात्रीचे. आठवड्याला एकदा पिशवी उघडून पाहा. देठाचे तुकडे गळले तर हरकत नाही. डोळा काळा पडला किंवा साल सुरकुतली तर ती काडी बाद. शंका असेल तर टोकाला बारीक काप घ्या, सालीखाली ओलसर हिरवं दिसलं पाहिजे. पिशवीत जातीचं नाव, मूळ स्रोत आणि तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. शाई ओलाव्याने पसरते.

फिंगर लाइमची काडी इतकी बारीक असते की एकटा डोळा कापून बसवणं जिकिरीचं. तीन-चार डोळ्यांचा अख्खा तुकडा पाचर किंवा बाजूच्या कलमाने बसवा आणि वरून झिप पिशवीची टोपी घाला, ऊन थेट लागू न देता.

मोजकेच डोळे मिळाले असतील तर ते एकाच खुंटावर खर्च करू नका. सहा डोळे असतील तर तीन खुंटांवर दोन-दोन भरा. मोठ्या, जुन्या झाडावर नवा डोळा चढवण्याचा मोह आवरा: त्या झाडात काही दडलेलं असेल तर तुमची महागाची रोगमुक्त काडी तिथेच बाधित होते.

डोळा बसवल्यावर त्यावर बांधलेली पट्टी दोन-तीन आठवड्यांनी सोडा. देठाच्या तुकड्याला बोट लावताच तो गळून पडला आणि डोळा हिरवा असेल तर डोळा धरला. देठ वाळून चिकटलेला राहिला तर तो गेला. खुंटाच्या दुसऱ्या बाजूला, थोडं खाली, पुन्हा भरा. धरलेल्या डोळ्याच्या वर खुंट वाकवा किंवा अर्धवट कापून मोडा. पूर्ण छाटणी नवी फूट वीतभर झाल्यावर.