कारचा स्पीकर बंद पडलाय? नवा घेण्याआधी मल्टिमीटर लावा

कारमधला एखादा स्पीकर मुका झाला की बरेच जण थेट नवी जोडी घ्यायला निघतात. थोडं थांबा. पुष्कळदा स्पीकर ठणठणीत असतो. वायर तुटलेली असते, जोड सुटलेला असतो किंवा डेक (डॅशबोर्डमधला स्टिरिओ) प्रोटेक्शनमध्ये गेलेला, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी बंद झालेला असतो. त्यात आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि काचा लावून उन्हात उभ्या असलेल्या गाडीत त्याहून कितीतरी वर. त्या उष्णतेत काळ्या इन्सुलेशन टेपचा गोंद पाझरतो, टेप उलगडते आणि नुसते पीळ देऊन केलेले जोड उघडे पडतात.

आधी एवढंच ठरवा: एक स्पीकर गेलाय की सगळे? डेकमध्ये बॅलन्स (डावी-उजवी बाजू) आणि फेडर (पुढची-मागची बाजू) मध्यावर आणा. लहान मुलांनी बटणं दाबून आवाज एका बाजूला सरकवलेला असणं नेहमीचंच. म्यूट आणि ब्लूटूथचा आवाजही बघून घ्या.

सगळे एकदम बंद, पण डिस्प्ले चालू असेल, तर संशय शॉर्टचा, म्हणजे वायर नको तिथे टेकल्याचा. हल्लीच्या डेकमध्ये स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) नव्हे. चार स्पीकरच्या आठ वायरींपैकी एक जरी गाडीच्या पत्र्याला टेकली, तरी डेकमधला आयसी (आवाज वाढवणारी चिप) स्वतःला वाचवण्यासाठी चारही चॅनेल बंद करतो. अँड्रॉइड स्टिरिओ बसवताना सगळ्या निगेटिव्ह एकत्र करून बॉडीला जोडण्याची चूक इथेच नडते. डिस्प्लेही बंद असेल तर डेकच्या पाठीवरचा फ्यूज बघा, साधारण १० किंवा १५ अँपिअरचा असतो. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा घालू नका. वेगळा अँप्लिफायर असेल तर निळ्या-पांढऱ्या रिमोट वायरवर (अँप चालू करणारी वायर) १२ व्होल्ट येतात का आणि अँपचा अर्थ घट्ट आहे का, ते तपासा.

आता खरी तपासणी. तिच्यासाठी दाराचं पॅड काढावं लागत नाही, डेक बाहेर काढला की पुरे. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. काही कंपनी-डेक बॅटरी सोडल्यावर कोड मागतात, तो आधीच शोधून ठेवा. मग डेकमागचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. बाजारातल्या डेकच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) ठरलेले रंग असतात: पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह. कंपनीच्या मूळ वायरिंगचे रंग गाडीगणिक वेगळे असतात, म्हणून कपलरच्या पिना जुळवून पाहा.

मल्टिमीटर (रोध आणि व्होल्ट मोजणारं मीटर) २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा, समजा ०.३, तो पुढे वजा करत जा. मग गाडीकडच्या कपलरवर एकेक जोडी मोजा. चार ओहमचा चांगला स्पीकर ३.२ ते ३.८ च्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर वायर तुटलीय किंवा स्पीकरमधली तांब्याच्या तारेची कॉइल जळालीय. शून्याच्या जवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. नंतर प्रत्येक वायर आणि गाडीचा पत्रा यांच्यात मोजा. तिथे काहीही दाखवता कामा नये. एक लक्षात ठेवा, सुटा ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) मोजला तर त्याच्या मालिकेतल्या कपॅसिटरमुळे तो तुटल्यासारखा दिसतो. तो चांगला असू शकतो.

दरवाजाचा स्पीकर मोजताना कुणाला तरी दार उघड-मीट करायला सांगा. आकडा उड्या मारू लागला तर दोष सापडलाच: दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी बूटमध्ये (वायरींवरच्या नळीत) वायर तुटलीय. ड्रायव्हरचं दार सर्वांत जास्त वापरलं जातं, त्यामुळे बहुधा तिथेच. बूट मागे सरकवून वायर बोटांनी हलकी ओढा. वरचं प्लास्टिक अखंड असतं, पण आतलं तांबं तुटल्यामुळे ती एका जागी रबरासारखी ताणली जाते. कापून पाहिलं तर तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या दिसतात. बूटच्या आत जोड मारू नका, दार हलून तो पुन्हा तुटेल. ०.७५ चौरस मिलिमीटरची नवी वायर बूटमधून सलग ओवा, दोन्ही टोकांचे जोड बूटबाहेर घ्या, सोल्डर करा आणि हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवा. टेप नको.

गाडी शेतात किंवा गोठ्याजवळ उभी राहत असेल तर कार्पेटखालची वायर उंदरांनी कुरतडलीय का, तेही बघा.

वायर नीट निघाली तर दाराचं पॅड काढा. हँडलमागचे स्क्रू आधी सोडा आणि क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचका. उन्हाने त्या कडक झालेल्या असतात, चार-पाच जादा आणून ठेवा. स्पीकरचा कपलर काढून त्याच्या दोन पत्त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ‘टक’ झालं तर कॉइल जिवंत आहे. कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) बोटांनी सारखा दाब देऊन हळूच आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतेय, तो स्पीकर बदलायचाच.

स्पीकर चांगला, वायर चांगली, तरी आवाज नाही? कपलर आणि बॅटरी पुन्हा जोडा, डेक चालू करून आवाज शून्यावर ठेवा. बहुतेक डेकच्या प्रत्येक स्पीकर वायरवर बॉडीच्या तुलनेत ६ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, पण जोडीतल्या दोन वायरींमध्ये तो जवळपास शून्य हवा. तिथे एखादा व्होल्ट दिसला तर आयसी गेलाय. त्यावर नवा स्पीकर लावलात तर तोही जळेल.

दुपारी बंद पडून संध्याकाळी आपोआप सुरू होणारा डेक तापून कट होत असतो. एका चॅनेलवर चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले असतील तर भार दोन ओहमवर येतो, एक काढा.

बसवताना दारावरची प्लास्टिक शीट फाडून टाकू नका, पावसाचं पाणी तीच अडवते. पोलॅरिटीही (प्लस-मायनस) जुळवा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. एका बाजूची उलटी झाली तर सगळे स्पीकर वाजतात, पण बेस पोकळ होतो.